बहुउपयोगी खोदाई-यंत्र : कामाच्या जागी जाऊन काय पाहावे?

मातीकाम हे शेतीतील सर्वांत जुने आणि सर्वांत कष्टाचे काम होय. बांध घालणे, विहीर खणणे, तळे काढणे, चर खोदणे, खळ्याची जागा सपाट करणे ही सर्व कामे पिढ्यान्‌पिढ्या कुदळ, फावडे, पहार आणि घमेले यांच्या बळावर होत आली. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याखाली बांधबंदिस्तीची जी कामे झाली, ती प्रामुख्याने माणसाच्या हातांनी झाली. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांची माती लाखो स्त्री-पुरुषांनी डोक्यावरून वाहिली. आज चित्र पालटले आहे. जे काम करण्यास दहा-वीस मजुरांना आठवडा लागे, ते एक यंत्र एका दिवसात उरकते, आणि असे यंत्र आता बहुतेक मोठ्या गावांत भाड्याने मिळू लागले आहे.

परंतु यंत्राचा वेग हा दुधारी आहे. मजुराच्या हातून चूक झाली तर ती घमेल्याएवढी असते आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. यंत्राच्या हातून चूक झाली तर मालकाचे लक्ष जाईपर्यंत अर्ध्या एकरावरची कसदार माती मुरुमाखाली गाडली गेलेली असते. म्हणून यंत्र आपल्या शेतात बोलावण्यापूर्वी ते दुसऱ्याच्या शेतात काम करीत असताना पाहणे अगत्याचे आहे. कृषी प्रदर्शनात रंगरंगोटी करून उभे केलेले यंत्र पाहिल्याने त्याची किंमत व आकार कळतो. त्याचे गुणदोष मात्र कामाच्या जागीच कळतात. अशा भेटीत काय पाहावे, काय मोजावे व कोणते प्रश्न विचारावेत, याचे विवेचन या पाठात केले आहे.

यंत्राची ओळख

कारखान्याच्या भाषेत ज्यास ‘बॅकहो लोडर’ म्हणतात, तेच गावात ‘जेसीबी’ या नावाने ओळखले जाते. हे नाव वस्तुतः एका कारखान्याचे आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील अटॉक्सिटर या गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये शेतीसाठी उलटता येणारी ट्रेलर-गाडी तयार करून आपला उद्योग सुरू केला. १९५३ मध्ये त्यांनी एकाच ट्रॅक्टरला पुढे माती उचलणारी बकेट आणि मागे खोदणारी सोंड बसविली. त्यांच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच जेसीबी. भारतात या यंत्राचे उत्पादन १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाले. आता अनेक कारखाने अशी यंत्रे तयार करतात. तरी लोकांच्या तोंडी पहिलेच नाव रूढ झाले आहे. साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या खोदाई-यंत्रास ‘पोकलेन’ म्हणतात. तेही ‘पोक्लेन’ या फ्रेंच कंपनीचेच नाव होय.

या यंत्राचे तीन भाग लक्षात घ्यावेत. मधला भाग म्हणजे इंजिन, चाके व चालकाची बैठक. ही बैठक फिरती असते. चालक पुढे तोंड करून गाडी चालवितो व पुढची बकेट वापरतो. मागे वळून बसला की सोंड वापरतो. पुढची बकेट रुंद असून तिच्यात सुमारे १ घनमीटर सुटी माती मावते. ती माती लोटणे, उचलणे, ट्रॉलीत भरणे व पसरणे यांसाठी असते. मागची बकेट अरुंद व दातेरी असते. तिच्यात सुमारे पाव घनमीटर माती येते आणि सर्वसाधारण यंत्राची सोंड ४.५ ते ५ मीटर खोलीपर्यंत पोचते. संपूर्ण यंत्राचे वजन साधारणतः साडेसात ते आठ टन असते.

सोंडेस बळ येते ते तेलाच्या दाबामुळे. इंजिन पंप फिरविते, पंप तेलास नळ्यांतून दाबाने पुढे ढकलतो आणि ते तेल पोलादी नळकांड्यातील दट्ट्या सरकविते. तेल दबत नाही. म्हणून पंपाने दिलेला जोर बकेटीच्या दातांपर्यंत पोचतो. ज्या यंत्राच्या नळ्यांच्या सांध्यांतून तेल गळते, त्याचा जोर कमी पडतो आणि शेतातील मातीही खराब होते. भेटीच्या वेळी यंत्राखालची जमीन तेलकट आहे काय, हे प्रथम पाहावे.

मागची बकेट काढून तिच्या जागी खडक फोडणारा ब्रेकर किंवा खांबांसाठी खड्डे पाडणारा गिरमिट बसविता येतो. चर खणण्यासाठी अरुंद बकेट लावता येते. एकाच यंत्राने सकाळी जलवाहिनीचा चर खणावा, दुपारी शेणखत ट्रॉलीत भरावे आणि संध्याकाळी चर बुजवून रस्ता सारखा करावा, हाच या यंत्राचा मोठा गुण होय. मात्र जे अनेक कामे करते, ते प्रत्येक काम सर्वांत उत्तम करतेच असे नाही. लहान, विखुरलेल्या व निरनिराळ्या प्रकारच्या कामांसाठी हे यंत्र सोयीचे आहे. एकाच जागी हजारो घनमीटर खोदावयाचे असल्यास पोकलेन, आणि माती दूर न्यावयाची असल्यास ट्रॉली किंवा डंपर यांची जोड लागते.

भेटीची तयारी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने भेटीसाठी असे ठिकाण निवडावे, की जेथे काम निम्मे झाले आहे व निम्मे बाकी आहे. पूर्ण झालेल्या तळ्याजवळ नेल्यास शेतकऱ्यांना फक्त पाणी दिसते; काम कसे झाले ते दिसत नाही. जागेचा मालक व यंत्रचालक या दोघांची संमती आधी घ्यावी. एका वेळी पंधरा ते वीस जणांहून अधिक मंडळी नेऊ नयेत. सोबत ३० मीटरची टेप, घड्याळ, वही व पेन्सिल, ओळंबा आणि लाकडी पट्ट्यांचा त्रिकोण असावा. या त्रिकोणाचा उपयोग पुढे सांगितला आहे.

शक्य असल्यास दोन ठिकाणे दाखवावीत : एक हलक्या, मुरमाड रानातील व दुसरे काळ्या, खोल जमिनीतील. एकच यंत्र व एकच चालक असूनही दोन्ही ठिकाणी कामाचा वेग, बाजूंचा उतार आणि मातीचा ढीग यांत किती फरक पडतो, हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.

उभे कोठे राहावे

यंत्राची सोंड मागच्या बाजूस अर्धवर्तुळात फिरते. त्या वर्तुळात कोणीही जाता कामा नये. पाहणाऱ्यांनी यंत्रापासून किमान १० मीटर अंतरावर, चालकास दिसेल अशा जागी, एका बाजूस उभे राहावे. खड्ड्याच्या काठावर उभे राहू नये, कारण ताज्या खोदाईचा काठ आतून पोकळ असू शकतो. उभ्या भिंतीच्या, दीड मीटरहून खोल चरात मोजमापासाठीसुद्धा उतरू नये; माती कोसळण्यापूर्वी सूचना देत नाही. बकेटीत बसून खाली-वर जाणे हा तर जिवाशी खेळ होय.

वरून विजेच्या तारा जात असतील तर सोंड पूर्ण वर केली असता ती तारांपासून पुरेशी दूर राहते काय, हे काम सुरू होण्यापूर्वीच पाहावे. शंका असल्यास वीज कंपनीच्या कार्यालयाशी बोलून पुरवठा बंद करून घ्यावा. यदाकदाचित सोंड तारेस लागलीच, तर जमिनीवरील कोणीही यंत्रास हात लावू नये व जवळही जाऊ नये. वीज बंद होईपर्यंत चालकाने शक्यतो आतच बसून राहावे. जमिनीखालील जलवाहिन्या, ठिबकच्या मुख्य नळ्या व पंपाच्या तारा कोठून गेल्या आहेत, याच्या खुणा चुन्याने आधीच कराव्यात.

काम पाहताना

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र बसविण्याची रीत. खोदण्यापूर्वी जाणता चालक यंत्र सपाट जागी उभे करतो, पुढची बकेट जमिनीवर टेकवितो आणि मागचे दोन्ही पाय, ज्यांना जॅक म्हणतात, जमिनीवर दाबून मागच्या चाकांवरचा भार काढून घेतो. मऊ जमिनीत तो जॅकखाली लाकडी फळ्या घालतो. असे केल्याने यंत्र डुलत नाही व बकेट पूर्ण भरते. घाई करणारा चालक जॅक नीट न टेकविता खोदू लागतो. मग प्रत्येक ओढीबरोबर यंत्र मागे सरकते, बकेट अर्धी भरते आणि तासांचा आकडा मात्र वाढत जातो.

दुसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मातीचे थर. दख्खनच्या पठारावरील पुष्कळशा जमिनींत कसदार मातीचा थर एका वितीपासून हातभरच असतो. त्याखाली मुरूम व त्याखाली कठीण काळा पाषाण. वरचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागलेली असतात. म्हणून खोदाईची सुरुवात पुढच्या बकेटीने वरची माती खरवडून, तिचा ढीग अलग बाजूस लावून झाली पाहिजे. त्यानंतरच मागच्या सोंडेने मुरूम काढावा. मुरूम बांधासाठी व रस्त्यासाठी वापरावा आणि वरची माती शेवटी शेतात परत पसरावी. भेटीच्या जागी दोन ढीग वेगळे दिसतात काय, हे पाहावे. एकच मिश्र ढीग दिसला, तर त्या शेतकऱ्याने तळे मिळविले खरे, पण त्याबरोबर शेताचा एक तुकडा गमावला, असे समजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे ढिगाची जागा. काढलेली माती काठाला लागून टाकणे चालकास सोपे जाते, कारण सोंड तेवढीच पोचते. परंतु तो भार काठावर येऊन पावसाळ्यात बाजू आत ढासळते. काठ व ढीग यांमध्ये किमान एक ते दीड मीटर मोकळी पट्टी राखली पाहिजे. तळे मोठे असल्यास मधली माती एकदा उचलून काठावर, व तेथून पुन्हा उचलून पुढे अशी दोनदा हाताळावी लागते. या दुबार हाताळणीचे तासही मालकाच्याच खिशातून जातात. म्हणून ट्रॉली वेळेवर मिळते काय, की यंत्र तिची वाट पाहत चालू अवस्थेत उभे राहते, हे घड्याळ लावून पाहावे.

चौथी गोष्ट म्हणजे बाजूंचा उतार. घट्ट मुरुमात एकास एक, म्हणजे जेवढी खोली तेवढीच आडवी माघार, हा उतार चालतो. काळ्या जमिनीत तो दीडास एक किंवा त्याहूनही सपाट ठेवावा, कारण ती माती भिजली की फुगते व सुकली की भेगाळते. उतार तपासण्यासाठी सारख्या लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या काटकोनात जोडून तिसरी तिरपी पट्टी ठोकावी. खोदाई थांबवून, काठ पक्का असल्याची खात्री करून, तिरपी पट्टी तळ्याच्या बाजूवर टेकवावी. उभ्या पट्टीशी ओळंब्याची दोरी जुळून आली म्हणजे उतार बरोबर एकास एक आहे. पाच मिनिटांच्या या साध्या कसोटीने पुढील पावसाळ्यातील मोठे नुकसान टळते.

पाचवी गोष्ट म्हणजे जमिनीचा ओलावा. आठ टनांचे यंत्र ओल्या काळ्या रानातून फिरले, तर चाकोऱ्यांखालील माती दडपून घट्ट होते व तेथे मुळे नीट जात नाहीत. रब्बीचे पीक निघाल्यानंतर व मृगापूर्वी, जमीन कोरडी असताना काम करून घ्यावे, आणि यंत्राची ये-जा ठरावीक वाटेनेच ठेवावी.

बकेटांचा हिशेब

आता वही उघडावी. १० मिनिटांत मागची बकेट किती वेळा रिकामी झाली, ते मोजावे आणि ती काठोकाठ भरत होती की अर्धवट, हेही टिपावे. समजा, १० मिनिटांत २० बकेटा झाल्या, म्हणजे तासास १२० बकेटा. बकेट पाव घनमीटरची धरल्यास तासास ३० घनमीटर सुटी माती निघाली. पण खोदलेली माती फुगते. जमिनीत घट्ट असलेली ४ घनमीटर माती बाहेर आली की साधारणतः ५ घनमीटर भरते. म्हणून जमिनीतील खोदाई तासास २४ घनमीटर झाली असे धरावे.

आता तळ्याचे माप घ्यावे. वर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक, असे शेततळे असेल तर तळाशी ते २४ मीटर लांब व २४ मीटर रुंद राहील. त्याचे घनमाप काढण्याची रीत अशी :

वरचे क्षेत्र : ३० × ३० = ९०० चौरस मीटर.
तळाचे क्षेत्र : २४ × २४ = ५७६ चौरस मीटर.
मधले क्षेत्र : २७ × २७ = ७२९ चौरस मीटर; त्याची चौपट २,९१६.
तिन्हींची बेरीज : ९०० + ५७६ + २,९१६ = ४,३९२.
बेरजेस ६ ने भागून खोलीने गुणावे : ४,३९२ ÷ ६ × ३ = २,१९६ घनमीटर.

हे तळे काठोकाठ भरल्यास त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावेल. पुष्कळ ठिकाणी घाईने ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर असा सरळ गुणाकार करून मक्त्याची रक्कम ठरविली जाते. या दोन आकड्यांतील फरक ५०४ घनमीटर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने सुमारे १७८ ब्रास होतो. न खोदलेल्या १७८ ब्रास मातीचे पैसे देणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही. उलटपक्षी, बाहेरच्या ढिगावरून किंवा ट्रॉल्यांवरून ब्रास मोजले, तर फुगलेल्या मातीचे माप भरते आणि हिशेब पुन्हा वाढतो. म्हणून मोजणी खड्ड्याची करावी की ढिगाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

तासास २४ घनमीटर या वेगाने २,१९६ घनमीटरांस सुमारे ९२ तास लागतील. पण बकेट प्रत्येक वेळी दोन-तृतीयांशच भरत असेल, तर तासास १६ घनमीटरच खोदाई होईल व तेच काम सुमारे १३७ तास घेईल. यंत्र तेच, डिझेल जवळजवळ तेवढेच, आणि तास मात्र दीडपट! दुबार हाताळणीचे तास यात धरलेले नाहीत, ते वेगळे. चालकाचे कौशल्य म्हणजे काय, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. वरील वेग केवळ रीत समजण्यासाठी घेतला आहे; प्रत्येक जागी स्वतः मोजून आलेला आकडाच खरा मानावा.

प्रथम चाचणीचे खड्डे

मोठे काम सुरू करण्यापूर्वी याच यंत्राकडून नियोजित जागी दोन-तीन चाचणी-खड्डे काढून घ्यावेत. तासा-दोन तासांच्या भाड्यात माती किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, पाषाण किती वर आहे, हे सर्व कळते. दीड मीटरवरच कठीण खडक लागला, तर ब्रेकरचा खर्च करण्याऐवजी तळ्याची जागा बदलणे शहाणपणाचे ठरते. सच्छिद्र मुरूम लागल्यास पाणी टिकणार नाही, तेव्हा प्लॅस्टिकचे अस्तर घालावयाचे की नाही, याचा निर्णय आधीच घेता येतो. अस्तर घालावयाचे असल्यास बाजू व तळ यांवर टोकदार दगड राहू देऊ नयेत. अस्तराचे तळे निसरडे असते व त्यात पडलेल्या माणसास बाहेर येता येत नाही. म्हणून सभोवार कुंपण आणि चारही बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले दोर, ही तळ्याच्या खर्चाचीच बाब समजावी.

नाल्याच्या कामात कोठे थांबावे

२०१४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यानंतर नाला खोलीकरण व रुंदीकरणाची कामे यंत्रांच्या साहाय्याने फार मोठ्या प्रमाणावर झाली. अशा जागेस भेट देताना खोली पाहून हरखून जाऊ नये. पाणी साठते ते बहुधा वरच्या झिजलेल्या, भेगाळ मुरुमाच्या थरात. नाल्याचा तळ त्या थराहून खाली नेला, की आजूबाजूच्या विहिरींकडे मुरावयाचे पाणी उलट नाल्यात झिरपू लागते आणि उघड्यावर वाफ होऊन उडून जाते. एकाच्या हद्दीतील अतिखोल खोदाईमुळे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची विहीर लवकर आटू शकते.

म्हणून नाल्यात प्रथम गाळ काढावा आणि मुरूम किती खोल जातो ते पाहून थांबावे. सबंध लांबी सलग न उकरता मध्ये-मध्ये न खोदलेला भाग राखावा, म्हणजे पाणी अडते. काठ सरळ उभे न कापता उतरते ठेवावेत. उभ्या काठांवरून गुरे व मुले पडतात आणि पहिल्याच पुरात काठ वाहून जातात. निघालेली माती काठावरच ठेवली, तर ती पुन्हा नाल्यात येते, हे विसरू नये. आणि पाणलोटाच्या वरच्या भागात चर, बांध व झाडोरा नसेल, तर खोल केलेला नाला काही वर्षांत गाळाने पुन्हा भरतो. यंत्र नाल्यात उतरण्यापूर्वी माथ्यावरचे काम झाले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा.

तलावातील गाळ

राज्यात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तलावातील गाळ काढून तो शेतात पसरणे, हा तिचा हेतू. येथे यंत्राचे काम भरण्याचे असते, खोदण्याचे नव्हे. चांगला चालक गाळाचा थर संपून मुरूम लागताच थांबतो. त्याखाली खोदल्यास तलावाचा तळ फुटून गळती लागण्याचा संभव असतो. धरणाच्या भिंतीच्या पायथ्याजवळ यंत्र नेऊ नये. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत पातळ थराने पसरावा व मातीत मिसळावा. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीत तो टाकल्यास निचरा बिघडतो. शक्य असल्यास पसरण्यापूर्वी गाळाचा नमुना मृद-चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

भाड्याचा ठराव

बोलीचाली तोंडी झाली की वाद हमखास होतो. पुढील बाबी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

१. भाडे तासावर की घनमापावर? घनमापावर असल्यास मोजणी खड्ड्याची की ढिगाची?
२. डिझेल कोणाचे?
३. यंत्राच्या येण्या-जाण्याचा खर्च कोणाकडे?
४. यंत्र बिघडल्यास, ट्रॉलीसाठी थांबल्यास किंवा चालक जेवणास गेल्यास तो वेळ धरावयाचा की नाही?
५. ब्रेकरचा दर वेगळा आहे काय?
६. वरची माती अलग काढणे, उतार देणे व शेवटी माती पसरणे ही कामे ठरावात आहेत काय?

तासाचे भाडे ठरले असल्यास यंत्रावरील तासमापकाचा आकडा सुरुवातीस व अखेरीस वहीत टिपून चालकास दाखवावा. यंत्राची नोंदणी, विमा व चालकाचा परवाना पाहून घेण्यात संकोच करू नये. एप्रिल-मे महिन्यांत सर्वांनाच यंत्र हवे असते. त्या वेळी भाडे चढते व काम घाईचे होते. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आधीच दिवस ठरविल्यास ने-आण खर्च वाटला जातो आणि काम निवांतपणे होते.

यंत्र की हात?

सर्वच कामे यंत्राने करावीत, असा याचा अर्थ नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांत मजुरांचा रोजगार हिरावणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत, असे बंधन घातले होते. सरकारी योजनेतून काम करावयाचे असल्यास त्या योजनेचे चालू नियम यंत्रास परवानगी देतात काय, हे कार्यकर्त्याने आधी तपासावे. नाहीतर काम होऊनही देयक अडकते. शिवाय बांधावरील रोपे लावणे, उतारावर गवत बसविणे, दगडी सांडवा रचणे, काठ चोपणे ही कामे आजही हातानेच चांगली होतात. यंत्राने ढोबळ काम करावे व माणसाने ते नीट करावे, अशी वाटणी ज्या जागी दिसते, तेथील काम टिकाऊ असते.

भेटीनंतरची चर्चा

भेट संपल्यावर मंडळींनी तेथेच सावलीत बसावे व कार्यकर्त्याने पुढील प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवल्यास ती पुढील वर्षी उपयोगी पडतात.

१. वरची माती वेगळी काढली होती काय? ती शेवटी कोठे गेली?
२. १० मिनिटांत किती बकेटा झाल्या? त्या भरलेल्या होत्या काय?
३. एका तासात यंत्र किती मिनिटे रिकामे उभे होते व का?
४. बाजूंचा उतार त्रिकोणाने मोजला असता किती आला?
५. काठ व ढीग यांमध्ये किती अंतर होते?
६. सुरक्षिततेची कोणती खबरदारी घेतली होती? कोणती राहिली होती?
७. हेच काम आपल्या शेतात करावयाचे झाल्यास कोणता बदल करावा लागेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एका शेतातील तळे जसेच्या तसे दुसऱ्या शेतात उतरविता येत नाही. माती, उतार व पाण्याची वाट प्रत्येक ठिकाणी निराळी असते. यंत्रास यातले काहीच कळत नाही. ते सांगितलेल्या जागी, सांगितले तेवढे खोदते. कोठे खोदावे, कोणती माती जपावी आणि कोठे थांबावे, हे सांगण्याची जबाबदारी शेताच्या धन्याची आहे, आणि ती पार पाडण्याचे शिक्षण दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून, टेप व वही हाती घेऊन, थोड्या वेळात व विनामूल्य मिळू शकते.